पॉलीहाऊसमधली बाई कोण होती

कातिंकाला ते वाक्य दिसलं तेव्हा तिच्या ओठांत चार टाचण्या धरलेल्या होत्या. एका अर्थी बरंच झालं. तोंड उघडायची सोयच नव्हती.

सिसिलीच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या त्या गावात नगरपालिकेचं जुनं नाट्यगृह आहे. त्याच्या शिवणखोलीत ती सहा वर्षं कामाला होती. नवं नाटक बसत होतं, ‘प्लास्टिकखाली’. कपडेपटाच्या मुख्य आगातिनाबाई यांनी तिच्या हातात संहिता ठेवून सांगितलं होतं, कुठल्या प्रवेशात कुणाच्या अंगावर काय, याच्या खुणा करून ठेव. एकोणिसाव्या पानावर टोमॅटोच्या पॉलीहाऊसमध्ये अडकवून ठेवलेली बाई बोलत होती: ‘पिंपातल्या पाण्याला फवारणीच्या औषधाचा वास यायचा. लेकीला मी तेच उकळून पाजायचे. उकळलेल्या पाण्याला देव हात लावतो, असं आमची आजी म्हणायची.’

ती आजी कातिंकाची होती. रोमानियात, बोतोशानीजवळच्या खेड्यात तिला माती देऊन बावीस वर्षं झाली होती. आणि हे वाक्य कातिंकानं आयुष्यात एकदाच उच्चारलं होतं, आठ वर्षांपूर्वी, सरकारी वकिलासमोर जबानी देताना.

तिनं पान उलटलं, परत मागे आणलं. वाक्य तेच होतं, बोलणारी मात्र दुसरी. नाटकातली बाई नायजेरियाची होती आणि तिचं नाव ब्लेसिंग होतं.

माझी गोष्ट दुसरीला कशी दिली, असं दुसरं कुणी म्हणालं असतं. कातिंकाच्या मनात ते आलंच नाही. तिला भीती वाटली ती वेगळ्या कारणानं. जबानीचा कागद या लोकांच्या हाती लागला होता. त्यावरचं नाव खोडलेलं होतं का? नीट खोडलं होतं, की उजेडात धरलं तर वाचता येत होतं?

पॉलीहाऊसचा मालक नुन्झियो याच्यावरचा खटला तारखा पडत पडत मुदतीबाहेर गेला होता. त्याची पॉलीहाऊस अजून समुद्राच्या रस्त्याला उभी होती. त्याची बायको शनिवारच्या बाजारात भाजी निवडताना दिसायची, तेव्हा कातिंका दुसऱ्या गल्लीत शिरायची. हे गाव सोडावं असं तिनं दरवर्षी ठरवलं होतं आणि दरवर्षी लेकीची शाळा आडवी आली होती. गावात तिनं सांगून ठेवलं होतं की ती रोमानियातून थेट कातानियाच्या एका हॉटेलात इस्त्रीच्या कामाला आली आणि तिथून इकडे. आगातिनाबाईंनाही तेवढंच ठाऊक. तिची लेक स्मारांदा चौदा वर्षांची होती. दोघी पॉलीहाऊसमधून बाहेर पडल्या तेव्हा ती सहाची होती. तिलाही आईनं तेच सांगितलं होतं आणि पोरीनं कधी उलट विचारलं नव्हतं.

त्या दिवशी खुणा करायच्या राहूनच गेल्या.

ब्लेसिंगचं काम करणारी नटी इसोकेन दुसऱ्या दिवशी मापं द्यायला आली. वय सत्तावीस. बाप नायजेरियातल्या बेनिन सिटीहून आलेला, पण पोरगी पालेर्मोच्या बाजारपेठेत जन्मली, तिथंच वाढली. ती सिसिलियन बोलायला लागली की मासळीवाल्यांनी ऐकत राहावं. पहिल्याच दिवशी नाट्यगृहाच्या दरवानानं तिला हळूहळू, एकेक शब्द सोडवून, स्वच्छतागृह कुठं आहे ते समजावलं होतं. तिनं त्याच्या आजोळच्या गावच्या बोलीत त्याला असा काही जबाब दिला की तो तेव्हापासून तिला कॉफी आणून देत होता.

“डायरेक्टरबाई म्हणतात, तोडकंमोडकं बोल,” ती हात पसरून उभी राहत म्हणाली. “मला येत नाही हो ते. घरी कुणी तसं बोलत नाही. माझा बाप चाळीस वर्षं इथं आहे, तो तर माझ्याच चुका काढतो. शेवटी एका जर्मन प्रवाशाचं ऐकून शिकले.”

कातिंका हसली. हसताना टेप निसटली. तिनं वाकून ती उचलली आणि टेबलावरचा तयार पोशाख इसोकेनच्या अंगाला लावून पाहिला. पातळ बनियन, खांद्यावर फाटलेला, गुडघ्यावर चिरलेली विजार. आरेखन डायरेक्टरबाईंचं होतं.

“हे काय घालताय मला?” इसोकेन म्हणाली. “भिकारीण दिसतेय.”

“फाटकं नाहीच घालत कुणी आत,” कातिंका म्हणाली. तिचे हात कापडावर होते आणि मन कापडातच होतं. “फाटलं की तिथून औषध कातडीला लागतं आणि फोड येतात. आम्ही एकावर एक दोन शर्ट घालायचो, बाह्या मनगटापर्यंत, वरून चिकटपट्टी गुंडाळायची. उन्हाळ्यातसुद्धा.”

इसोकेननं मान वळवली नाही, पण समोरच्या आरशातून ती बघत होती.

“आम्ही?” तिनं हळूच विचारलं.

“आम्ही म्हणजे... आमच्या गावच्या बायका सांगायच्या.” कातिंकानं टाचण्यांची डबी जवळ ओढली. ती उपडी झाली. दोघी जणी गुडघ्यांवर बसून टाचण्या वेचू लागल्या. इसोकेननं पुढे काही विचारलं नाही. तिनं विचारलं नाही याचीच कातिंकाला जास्त भीती वाटली.

त्या आठवड्यात तिला नीट झोप लागली नाही. इसोकेन कुणाशी बोलताना दिसली की तिला वाटे, आपलंच चाललंय. आगातिनाबाईंनी सहज हाक मारली तरी ती दचके. एका सदऱ्याची बाही तिनं उलटी जोडली आणि उसवून पुन्हा उलटीच जोडली. आगातिनाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, बाई, तुला कुणी दृष्ट लावली की प्रेमात पडलीस?

दिग्दर्शिका ओत्ताव्हिया मिलानहून आली होती. माणूस वाईट नव्हती. सगळ्यांची नावं पाठ करायची, झाडूवाल्यालाही तुम्ही म्हणायची. तिच्या मागच्या नाटकात सगळे नट गोरे होते म्हणून वर्तमानपत्रांनी तिला धुऊन काढलं होतं. म्हणून यंदा तिनं ठरवून वेगवेगळ्या घरांतले नट घेतले होते, आणि ‘प्लास्टिकखाली’ला सरकारी मदत मिळाली होती तीही त्याच बोलीवर. शेवटच्या प्रवेशात एक धाडसी कामगार निरीक्षक पोलीस घेऊन पॉलीहाऊसमध्ये घुसते आणि ब्लेसिंगला सोडवते. ती भूमिका नेव्हिना नावाच्या, सिसिलीतल्याच सिराकुसाच्या नटीकडे होती.

शुक्रवारी तालमीत ठिणगी पडली. कातिंका विंगेत इसोकेनच्या विजारीची शिवण दुरुस्त करायला थांबली होती, त्यामुळे तिला सगळं ऐकू आलं. उकळलेल्या पाण्याचं वाक्य इसोकेननं दोनदा म्हटलं आणि थांबली. तिनं विचारलं, ही बाई खरी कोण होती? ही आजी काही माझ्या बाजूची वाटत नाही.

ओत्ताव्हियानं लपवाछपवी केली नाही. एका संशोधकाच्या अहवालात तिनं जबानीतले उतारे वाचले होते. नाव नव्हतं, नुसतं एक अक्षर होतं. बाई रोमानियन होती.

अहवालात नुसतं एक अक्षर. कातिंकानं विंगेच्या खांबाला पाठ टेकली. आठ दिवसांत पहिल्यांदा तिचा श्वास पोटापर्यंत गेला. पण रंगमंचावर भांडण पेटलं होतं.

“मग मी कशाला?” इसोकेन म्हणाली.

“कारण मी गोरी बाई उभी केली तर लोकांना वाटेल, हिला मालक जरा खाष्ट मिळालाय, एवढंच. तू उभी राहिलीस की त्यांना एका क्षणात कळतं.”

“म्हणजे तुमचं लिहायचं काम माझ्या कातडीनं करायचं.”

ओत्ताव्हियाचा चेहरा पडला. ती म्हणाली, मी तुला मुख्य भूमिका दिली, तरी चूक माझीच का? इसोकेननं आवाज चढवला नाही. चार वर्षांत आपण तीनदा बोटीतून वाचलेली, दोनदा पळवून आणलेली आणि एकदा मेलेली बाई केलीय, असं तिनं सांगितलं. निवडीच्या दिवशीच तिनं निरीक्षकाची भूमिका मागितली होती. तेव्हा ओत्ताव्हिया म्हणाली होती की तुझ्यासारखी निरीक्षक इथं कुणी पाहिलेली नाही, लोकांना पटणार नाही. मग दाखवा की, म्हणजे पाहतील, असं इसोकेन तेव्हा म्हणाली होती आणि आता पुन्हा म्हणाली. मग तिनं सोमवारपर्यंत विचार करायला वेळ मागितला आणि ती निघून गेली. नाटकाला बारा दिवस होते.

घरी स्मारांदानं आईसमोर शाळेचा कागद ठेवला. बारा दिवसांनी, सकाळी अकराचा, खास शाळांसाठीचा प्रयोग. विषय: आधुनिक गुलामगिरी. पालकांची सही हवी. कातिंका सूप ढवळत होती. हात ओले आहेत, नंतर करते, म्हणाली. शनिवारीही तिचे हात ओलेच होते. रविवारी पोरीनं विचारलं, “आई, तुझ्याच नाट्यगृहात जायचंय, त्यात काय एवढं?” कातिंका ओट्यावरचं फडकं पिळत राहिली.

त्या रविवारी दुपारी ती स्वतः होऊन इसोकेन राहत होती त्या खोलीवर गेली. का गेली ते तिला नीट सांगता आलं नसतं. आपलं वाक्य दुसरीच्या गळ्यात अडकलंय आणि ती त्यापायी भूमिका सोडू बघतेय, हे तिला सहन होईना. जिना चढताना दोनदा परत फिरली.

इसोकेननं दार उघडलं, चेहरा पाहिला आणि खुर्ची पुढे केली.

कातिंकानं सांगितलं. सगळं नाही सांगितलं. पासपोर्ट मालकाच्या कपाटात होता हे सांगितलं. पॉलीहाऊसच्या शेजारच्या पत्र्याच्या खोलीत लेकीला घेऊन दोन वर्षं काढली ते सांगितलं. लेकीची शाळा अकरा किलोमीटरवर होती आणि नुन्झियो तिला आपल्या गाडीतून सोडायचा. पण त्याचं म्हणणं कातिंकानं ऐकलं तरच. ऐकलं नाही की दुसऱ्या दिवशी गाडी निघायची नाही आणि पोर दप्तर पाठीला लावून दारात बसून राहायची. त्याचं म्हणणं काय असायचं, ते कातिंका बोलली नाही. इसोकेननंही विचारलं नाही. तिनं नुसता पाण्याचा पेला पुढे सरकवला.

“आणि ती निरीक्षक?” इसोकेन म्हणाली. “पोलीस घेऊन आली ती?”

“कुणी आलं नाही,” कातिंका म्हणाली. “एकदा दोघे निरीक्षक आले होते, नुन्झियोनं त्यांना पेटीभर टोमॅटो दिले, गेले. मला बाहेर काढलं सोखनानं.”

सोखना सेनेगलची. कामगार संघटनेची जुनी व्हॅन चालवायची. शेतावरच्या बायकांच्या पोरांना शाळेत न्यायचं, एवढंच तिचं काम. फाटकाच्या आत यायला तिला मनाई होती, म्हणून ती बाहेर रस्त्यावर सातला येऊन उभी राहायची. व्हॅन सुरू झाली तशी नुन्झियोच्या हातातली दोरी सुटली. तो फाटकात येऊन तिला नाही नाही ते बोलायचा, रंगावरून, देशावरून. ती काच वर करायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सातला हजर. दोन आठवडे ती कातिंकाशी एक शब्द बोलली नाही. तिसऱ्या आठवड्यात पोरीला आत घेताना कुंपणापलीकडून म्हणाली, बाई, माझ्या गाडीत मागची एक जागा रोज रिकामी असते.

“मग बसलात?”

“तीन महिन्यांनी.” कातिंकानं नजर खाली घातली. “लोकांना वाटतं दार उघडं असलं की माणूस निघतं. मी तीन महिने ती रिकामी जागा बघत होते. एक दिवस पोरीला सोडायला म्हणून गेले आणि स्लिपरवरच चढले.”

इसोकेन उठून खिडकीशी गेली. कातिंकाला वाटलं होतं, ती खूश होईल, उड्या मारेल. तसं काही झालं नाही.

“म्हणजे यांनी अडकलेली आणि सोडवणारी, दोघींची अदलाबदल केली,” ती खिडकीबाहेर बघतच म्हणाली. “आणि कुणालाही खटकलं नाही. मलाही अर्धंच खटकलं.” मग वळून म्हणाली, “हे तुमचं आहे. मी कुणाजवळ तोंड उघडणार नाही. पण ते पाण्याचं वाक्य मी आता रोज म्हणू शकत नाही. मी भूमिका सोडते. कारण काहीतरी सांगेन.”

“सोडू नकोस. मीच सांगेन त्यांना.”

हे आपल्या तोंडून गेलं, याचं कातिंकालाच आश्चर्य वाटलं.

पण आधी लेकीला सांगणं भाग होतं. संध्याकाळी स्मारांदा मक्याच्या पिठाचा ममालिगा ढवळत होती. कातिंकानं स्टुलावर बसून सुरुवात केली. हॉटेल, इस्त्री, कातानिया, हे सगळं खोटं होतं, असं म्हणून ती अडखळली.

“माहीत आहे,” पोरगी म्हणाली. पळी थांबली नाही. “मी सहा वर्षांची होते, सहा महिन्यांची नव्हते. मला ती खोली आठवते. सोखनाकाकूच्या गाडीतला वास आठवतो. तुला बोलायचं नव्हतं म्हणून मीपण नाही बोलले.”

कातिंकाला वाटलं, आता पोर जवळ येईल, गळ्यात पडेल. पण नाटकाचं ऐकल्यावर स्मारांदानं पळी भांड्यात आपटली.

“नाही. सांगायचं नाही. आई, माझ्या वर्गात रोझारियो आहे. तो नुन्झियोचा पुतण्या आहे. तुला माहीत होतं?”

कातिंकाला माहीत नव्हतं. पोरीनं तीन वर्षं ते एकटीनं सांभाळलं होतं.

“त्याला मी कोण ते ठाऊक नाही,” स्मारांदा म्हणाली. “आत्ता मी नुसती रोमानियन आहे, तेवढंच पुरेसं आहे. त्यात आणखी हे नको. तुझं नाव नको, आणि माझं तर नकोच.”

“नाव येणार नाही.”

“आज म्हणशील, उद्या येईल.”

कातिंका रात्रभर विचार करत होती की कुणाचं ऐकावं. लेकीचं ऐकलं तर इसोकेन जाते आणि ते नाटक तसंच्या तसं गावोगाव फिरतं, सोखना त्यात कुठंच नसते. नाही ऐकलं तर पोरीचा विश्वास जातो. सकाळी तिनं कागदावर सही केली आणि म्हणाली, “यायचं की नाही ते तू ठरव. मी नाव देणार नाही. बाकीचं मला सांगायलाच हवं. ती बाई आपल्यासाठी चार महिने शिव्या खात उभी होती.” स्मारांदानं कागद घेतला आणि दप्तरात कोंबला.

ओत्ताव्हिया शिवणखोलीत आली तेव्हा कातिंकानं आगातिनाबाईंना मुद्दाम थांबवून घेतलं. एकटीनं सांगायचं धैर्य नव्हतं. सांगताना ती हातातल्या कापडाला धावदोरा घालत राहिली. आगातिनाबाईंनी मध्येच छातीवर क्रूसाची खूण केली आणि नुन्झियोच्या सात पिढ्यांचा अस्सल सिसिलियनमध्ये उद्धार केला. ओत्ताव्हियाच्या डोळ्यांत एक चमक आली, आणि तीच चमक कातिंकाला नको होती.

“तुम्ही प्रयोगानंतर रंगमंचावर याल का?” ती म्हणाली. “पाच मिनिटं. नुसतं उभ्या राहिलात तरी...”

“बाई,” कातिंका म्हणाली, “आठ वर्षं मी या गावात कुणाच्या नजरेत भरू नये म्हणून जगतेय. तुम्ही मला दिव्याखाली उभी करताय.”

ओत्ताव्हियाला खरोखर लाज वाटली. तिनं माफी मागितली. पण अडचणी खऱ्याच होत्या. पोस्टरवर इसोकेनचा चेहरा छापून झाला होता. नऊच दिवस उरले होते. नेव्हिनानं ती भूमिका घ्यायची तर तीही सिराकुसाची, तिनं रोमानियन बाई करणं म्हणजे पुन्हा तोच घोळ. तिला तो उच्चार कुठून येणार, असं ओत्ताव्हिया म्हणाली.

“कसला उच्चार?” कातिंका म्हणाली. “मी तिथं बोलतच नव्हते. दोन वर्षांत शंभर शब्द बोलले असेन, तेही पोरीशी.”

ओत्ताव्हिया टेबलाच्या कडेला टेकली. मग तिनं पेन मागितलं.

पुढचे दिवस धांदलीत गेले. निरीक्षक आणि पोलीस कापले गेले. ब्लेसिंग हे नाव गेलं. बाईला नावच ठेवलं नाही. नेव्हिना आधी चिडली, कारण तिची लांबलचक भाषणं गेली होती. पण कातिंकानं तिला दोन शर्ट घालून, मनगटांना चिकटपट्टी गुंडाळून अर्धा तास दिव्यांखाली वाकायला लावलं, तेव्हा ती घामानं निथळत म्हणाली, कळलं. उकळलेल्या पाण्याचं वाक्य ठेवायचं का, असं तिनं विचारलं. कातिंका नको म्हणाली. ते घरचं आहे.

व्हॅनवाली बाई इसोकेनकडे आली. ही बाई सिसिलियनमध्येच बोलेल, असं इसोकेननं ठरवलं. कातिंका म्हणाली, सोखना अशी बोलत नव्हती, ती फ्रेंच वळणाचं बोलायची. इसोकेन म्हणाली, मग तसं करू का? कातिंकानं विचार केला आणि म्हणाली, नको, तू तुझ्यासारखीच बोल. पण शिव्या ऐकताना काच वर करायची, हे विसरू नकोस.

प्रयोगाच्या सकाळी नाट्यगृहात चार शाळांची पोरं भरली. कातिंका विंगेत उभी होती, हातात सुईदोरा, जणू कुणाचं बटण तुटणारच आहे. पडद्याच्या फटीतून तिला सातवी रांग दिसत होती. स्मारांदा आली होती. तिच्या दोन खुर्च्या पलीकडे एक उंच, कुरळ्या केसांचा मुलगा च्युइंगगम चघळत होता. हाच असावा.

सुरुवातीला पोरं चुळबुळ करत होती. इसोकेन पहिल्यांदा व्हॅनमधून उतरली आणि ‘अरे पोरांनो, चला, पोलादी घोडं निघालं’ असं सिसिलियनमध्ये ओरडली, तेव्हा अख्खं सभागृह फिदीफिदी हसलं. त्यांना तिच्या तोंडी दुसरंच काही अपेक्षित होतं. मग तिनं पुन्हा तसंच म्हटलं, तिसऱ्यांदाही तसंच, आणि हसू विरत गेलं. मालक फाटकात येऊन बोलू लागला तेव्हा मागून कुणीतरी शिट्टी मारली. इसोकेननं काच वर केली. शिट्टी थांबली.

नेव्हिना स्लिपरवर व्हॅनमध्ये चढली तेव्हा कातिंकानं रंगमंचाकडे पाहिलंच नाही. ती सातवी रांग बघत होती. स्मारांदाचे दोन्ही हात मांडीखाली दाबलेले होते.

नंतर दिवे लागले आणि ओत्ताव्हिया नटांना घेऊन पोरांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला बसली. एका मुलानं उभं राहून विचारलं, ती बाई गोरी होती, तिला इटालियन कळायचं, मग ती सरळ निघून का गेली नाही? त्यात एवढं गुलामासारखं काय होतं?

ओत्ताव्हियानं तोंड उघडलं. क्षणभर तिची नजर विंगेकडे वळली. पण ओत्ताव्हियानं नजर सावरून घेतली आणि शब्द शोधू लागली. तेवढ्यात सातव्या रांगेतून आवाज आला.

“शाळा अकरा किलोमीटर लांब असते,” स्मारांदा बसूनच म्हणाली. “आणि गाडी मालकाची असते.”

नाटकात अकराचा आकडा नव्हता. कुणाला ते जाणवलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. शाळेच्या बाईंनी छान म्हणून मान डोलावली. कुरळ्या केसांच्या मुलानं चघळणं थांबवलं आणि वळून स्मारांदाकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला. इसोकेन लगेच माइक ओढून व्हॅनबद्दल काहीतरी गमतीचं बोलू लागली आणि पोरं हसली. कातिंकाच्या बोटात सुई गेली होती, ते तिला रक्ताचा डाग पडल्यावर कळलं.

नाटक पुढे सहा गावं फिरलं. एका वर्तमानपत्रानं लिहिलं की पीडितेची भूमिका मनाला भिडत नाही, ती पुरेशी पीडित वाटत नाही. ओत्ताव्हियानं ते कात्रण कातिंकाला दाखवलं नाही, आगातिनाबाईंनी दाखवलं, आणि वर संपादकाच्या आईबद्दल दोन शब्द बोलल्या. इसोकेनला पुढच्याच महिन्यात एका मालिकेतून बोलावणं आलं. भूमिका बोटीतून आलेल्या बाईची. तिनं फोनवर कातिंकाला सांगितलं आणि म्हणाली, घ्यायची की नाही, अजून ठरत नाहीये, जगायचंही असतं ना.

पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी दुपारी स्मारांदा घरी येऊन खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी शाळेत गेली नाही. पोट दुखतंय म्हणाली, आणि कातिंकानं ते खरं मानलं. रस्त्यात गाडी थांबली की कातिंका खिडकीशी जाऊन बघायची. कुणी आलं नाही, फोनही आला नाही. कुणी आलं नाही म्हणून बरं वाटावं, तर तेही वाटेना.

तिसऱ्या दिवशी पोरगी उठली, वेणी घातली, निघाली. कातिंकानं कामावर उशिरा येते म्हणून कळवलं आणि दुपारी शाळा सुटायच्या वेळी समोरच्या बेकरीपाशी जाऊन उभी राहिली. पोरांचा लोंढा बाहेर पडला. कुरळ्या केसांचा मुलगा एकटाच, मान खाली घालून, स्कूटरकडे गेला. मागून स्मारांदा आली. आई दिसताच तिच्या कपाळावर आठी पडली, पण ती रस्ता ओलांडून आली.

कातिंकानं काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं. दोघी जणी बऱ्याच पुढे आल्या.

“त्यानं विचारलं,” स्मारांदा स्वतःहून म्हणाली. “अकरा कुठून आणलंस म्हणून.”

“मग?”

“म्हटलं, जाऊन मोज.” ती थोडी थांबली. “मग काही बोलला नाही. आता आम्ही शेजारच्या रांगेत नसतो. जागा बदललीय.”

“त्यानं?”

“नाही,” पोरगी म्हणाली. “मी. पुढच्या बाकावर. मागं कोण आहे ते दिसत नाही तिथून, पण फळा नीट दिसतो.”

कातिंकानं तिचं दप्तर घ्यायला हात पुढे केला. स्मारांदानं ते दिलं नाही, पण आईचा तो हात मात्र आपल्या कोपरात दाबून धरला आणि दोघी तशाच चालत राहिल्या.